गोडीचा हिशेब

थॉम्पसनची बाग काढून दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या रानात वाइनसाठी शिराझ लावली, तेव्हा वाटलं, द्राक्षातलं आता काय शिकायचं राहिलंय? रसाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तर खिशातच असायचा. पुढच्या हंगामांनी वहीत जे लिहायला लावलं, ते असं.

१. यंत्र खोटं बोलत नाही, हात बोलतो. पहिल्या वर्षी मी मोजली २४ ब्रिक्स. वायनरीच्या फाटकावर तोच माल भरला साडेएकवीस. आधी त्यांच्या यंत्राला नावं ठेवली, मग नशिबाला. शेवटी आपल्याच हाताकडे पाहिलं. तो गुपचूप डोळ्यांसमोरचा, उन्हाकडचा, घडाच्या वरच्या पाकळीवरचा काळाभोर मणी तोडत होता. आता दर दहाव्या झाडापाशी थांबतो. ओळीच्या दोन्ही अंगांनी पाकळीचा, मधला आणि शेंड्याचा मणी घेतो, तोही मान वळवून. असे दोनशे मणी एकत्र चुरडायचे आणि त्या रसाचा थेंब काचेवर ठेवायचा. बागेतून फिरताना लोकांना वाटतं, माझी मान धरलीय.

२. आकडा चढला म्हणजे साखर वाढली, असं नाही. शंभर ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर, एवढंच ब्रिक्स सांगतं. मण्यातलं पाणी आटलं तरी आकडा चढतो. एका फेब्रुवारीत ऊन तापलं आणि चार दिवसांत दीड ब्रिक्स वाढली. मी घरात ऐटीत सांगितलं. नंतर शंभर मणी वजनकाट्यावर ठेवले, तर वजन घटलेलं. गोडी वाढली नव्हती, मणी सुकत होते. शुगर विचारणाऱ्याला मी आता वजनही सांगतो, त्याने विचारलेलं नसलं तरी.

३. साखरेला जोडीला आंबटपणा लागतो. खायच्या द्राक्षात गोडी उतरली की काम झालं. वाइनला आम्लही हवं, आणि उष्णतेत मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडतं. साखरेची वाट पाहता पाहता पीएच हाताबाहेर जातो. आम्ल घरीच मोजायचं म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत बसलो. दर्शक टाकलेला रस गुलाबी झाला की थांबायचं, असं वाचलं होतं. सालीसकट चुरडलेला शिराझचा रस मुळातच लाल! तो गुलाबी कधी झाला, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पीएच मीटर आणला. आता ८.२ दिसले की थांबतो.

४. जीभही यंत्रच आहे, पण तिलाही आधी शून्यावर आणावं लागतं. गोड चहा पिऊन बागेत गेलो की सगळी बाग आंबट. हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. आता चूळ भरून जातो. बी चावून बघतो, हिरवट-कडवट आहे की तपकिरी-कुरकुरीत. साल चघळून तुरटपणा बघतो. एक ते चार गुण, आणि तेही मीटर बघायच्या आधी. मुलगा वेगळ्या कागदावर लिहितो. आमचे गुण जुळत नाहीत तेव्हा चूक बहुधा माझी निघते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

५. सरासरी दिसते सभ्य, असते लबाड. वरचा मुरमाड तुकडा २४, खालची काळी जमीन २०. वहीत मी २२ लिहिलं आणि तोडणीचा दिवस धरला. प्रत्यक्षात २२ चा घड बागेत शोधून सापडला नसता. वरचा माल पुढे गेला होता, खालचा कच्चा होता. तेव्हापासून दोन तुकडे, दोन वह्या, दोन तोडण्या. मजुरी जास्त जाते.

यंदा वरच्या तुकड्याचं माझं शेवटचं मोजमाप २३.४ होतं. वायनरीच्या फाटकावर २३.२ भरलं. दोन दशांश कमी. घरी आलो आणि गोड चहा घेतला.