शाळेत धावलेले पाय पुन्हा धावू शकतात

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की आम्ही भगिनींना विचारतो, "शेवटचं कधी धावलात?" "बस पकडायला!" म्हणून सगळ्या हसतात. मग एखादी हळूच सांगते, "शाळेत मी खो-खोच्या संघात होते." लग्न झाले, मुले झाली आणि पाय फक्त इतरांच्या कामासाठी धावू लागले.

"दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण उभे राहून कंबर दमते. हृदयाला हवी असलेली सलग हालचाल त्यातून मिळतेच असे नाही. नियमित धावण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, हाडे बळकट राहतात, झोप चांगली लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम सांगते.

मात्र घाई नको. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करताना इतका अतिरेक केला की त्याचे पाय रक्ताळले. तथागतांनी त्याला वीणेची तार आठवून दिली: फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. आपल्यालाही हेच लागू आहे. दोन-तीन आठवड्यांत दम सुधारतो, पण सांधे आणि हाडे सावकाश तयार होतात. दम आहे म्हणून वेग वाढवला की गुडघा, पोटरी दुखावते.

सुरुवात अशी करावी. आठवड्यातून ३ दिवस, एक दिवस आड. आधी ५ मिनिटे चालावे. मग १ मिनिट धावावे, २ मिनिटे चालावे. असे ८ वेळा. शेवटी ५ मिनिटे सावकाश चालावे. धावताना शेजारणीशी एक वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करावा. जमू लागले की धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत. साडी-चप्पल नको; सलवार आणि मापाचे बूट पुरेत.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. थोड्या श्रमानेही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. बाळंतपणानंतर धावताना अनेकींना थेंब थेंब लघवी होते. लाजेपोटी त्या धावणेच सोडतात. हा दोष नव्हे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. ते आवळण्या-सोडण्याच्या व्यायामाने बराच फरक पडतो. नर्सताईंना मोकळेपणाने विचारा.

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. एकटीला बघतात, चौघींना वाट देतात. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच चौघी ठरवा आणि सोमवारी पहाटे निघा.

जय भीम!