सुई-दोऱ्याचे कृपादान



मंडळीत कृपादानांचा विषय निघाला की मी मान खाली घालत असे. चार लोकांत प्रार्थना करायलाही मला जमत नाही. येते ते फक्त शिवणकाम.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाड्यावरच्या वसतिगृहात जुने कपडे द्यायला गेलो. एका मुलीच्या गणवेशाला बटण नव्हते. एका हाताने गळ्याशी कापड धरून ती जेवत होती. मी पिशवीतून सुई काढली. मग रांगच लागली.

प्रेषितांची कृत्ये 9:36-42 वाचा. यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, हिचा एकही शब्द तेथे नाही. ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत पेत्राला तिने केलेले कपडे दाखवले. तरी मूळ ग्रीक नव्या करारात ‘शिष्या’ हा शब्द फक्त तिच्यासाठी आला आहे.

1 पेत्र 4:10 आपल्याला कारभारी म्हणते. कारभाऱ्याने धन्याची वस्तू झाकून ठेवायची नसते. यजमान प्रभूकडे गेल्यापासून माझे शिलाई मशीन चार वर्षे झाकलेलेच होते. आता ते वसतिगृहात आहे, आणि ती मुलगी लहानग्यांची बटणे लावते.

तुमच्या घरी काय झाकून ठेवले आहे? या आठवड्यात ते प्रभूपुढे उघडा.