चाळीस दुकानांचे राउटर आणि एक माणूस : एडब्ल्यूएक्स क्लस्टरवर कसं बसवायचं, कसं सांभाळायचं



स्वारगेटच्या आसपास एक चक्कर मारा. एसटी स्टँडसमोरची ट्रॅव्हल्सची बुकिंग ऑफिसं, लॉज, टिळक रोडवरचे क्लासेस, मुकुंदनगरमधले दवाखाने, मार्केट यार्डातले गाळे. प्रत्येकाकडे राउटर आहे, दोन-चार सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, बिलिंगचा कॉम्प्युटर आहे, यूपीआयचा साउंडबॉक्स आहे. आणि हे सगळं बंद पडलं की फोन कुणाला करायचा, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो फोन घेणारा माणूस म्हणजे नेटवर्क एएमसीचा धंदा.

हा धंदा सुरू करणं अवघड नाही, वाढवणं अवघड आहे. दहा गिऱ्हाइकं असतील तर टू-व्हीलरवर जमतं. चाळीस झाली की हिशोब बदलतो. प्रत्येक राउटरचा पासवर्ड बदलायला १२ मिनिटं धरा. ४० राउटर गुणिले १२ म्हणजे ४८० मिनिटं, अख्खा आठ तासांचा दिवस. त्यात कात्रज ते हडपसर प्रवास धरलेला नाही. म्हणून ऑटोमेशन. व्हिडिओमध्ये सगळ्या कमांड स्क्रीनवर दाखवल्या आहेत. इथे त्यांचा क्रम, त्यामागची कारणं आणि धंद्याची बाजू बघू.

१. आधी शब्द समजून घ्या

अन्सिबल : हे २०१२ साली सुरू झालेलं ऑटोमेशनचं साधन. काय हवंय ते एका फाइलीत लिहायचं, तिला प्लेबुक म्हणतात. अन्सिबल ते एकेका उपकरणावर जाऊन करून येतं. राउटरवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. २०१५ मध्ये रेड हॅटने ही कंपनी घेतली.

एडब्ल्यूएक्स : अन्सिबलवरचा वेब डॅशबोर्ड. कुणी, कधी, कुठल्या राउटरवर काय केलं याची नोंद, वेळापत्रक, पासवर्डची तिजोरी आणि हाताखालच्या मुलाला मोजकेच अधिकार देण्याची सोय. २०१७ पासून मुक्त-स्रोत आहे.

कुबरनेटीस : कंटेनर चालवणारा मुकादम. 'एवढे कंटेनर चालू हवेत' असं सांगून ठेवायचं. एखादा पडला की तो परत उभा करतो. २०१४ मध्ये गूगलने खुला केला.

के-थ्री-एस : त्याच मुकादमाची हलकी आवृत्ती, २०१९ मध्ये रँचर कंपनीने आणलेली. एका छोट्या मशीनवरही चालते.

२. हे तुम्हाला खरंच लागतं का?

पंधरापेक्षा कमी गिऱ्हाइकं आणि काम करणारे तुम्ही एकटे असाल, तर लॅपटॉपवर नुसतं अन्सिबल आणि प्लेबुक ठेवायला गिट पुरेसं आहे. नुसता डॅशबोर्ड हवा असेल तर सेमाफोर नावाचं हलकं साधनही आहे, ते क्लस्टरशिवाय चालतं.

मग क्लस्टरच्या भानगडीत कशाला पडायचं? कारण २०२१ च्या १८ व्या आवृत्तीपासून एडब्ल्यूएक्स बसवण्याचा अधिकृत मार्ग कुबरनेटीसवरचा ऑपरेटर हाच आहे. चाळीस राउटरसाठी क्लस्टरची ताकद लागत नाही, पण साधन त्याच रूपात येतं.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या २४.६.१ या आवृत्तीनंतर एडब्ल्यूएक्सच्या टीमने नवी रिलीज थांबवून मोठी पुनर्रचना हाती घेतली. म्हणून बसवण्याआधी प्रकल्पाच्या पानावर जाऊन सध्याची स्थिती स्वतः वाचा. डॅशबोर्ड इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही. आणि तुमची खरी मालमत्ता, म्हणजे प्लेबुक आणि गिऱ्हाइकांची यादी, गिटमध्येच ठेवा. उद्या डॅशबोर्ड बदलावा लागला तरी मालमत्ता तुमच्याकडेच राहते.

३. मशीन

अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये सरावासाठी ४ सीपीयू आणि ६ जीबी रॅम देतात. रोजच्या वापराला मी किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी सांगतो. १६ जीबी असेल तर उत्तम. जुना मिनी पीसी चालतो. सरासरी २५ वॅट धरले तर महिन्याला १८ युनिट वीज जाते, तेव्हा विजेच्या बिलाची चिंता नको. चिंता गुरुवारची करा. देखभालीसाठी लाइट गेली की मशीन धाडकन बंद पडतं आणि डेटाबेस खराब होऊ शकतो. यूपीएस खर्चात पहिल्या दिवसापासून धरा.

इथे एक दिलासा आहे. हे मशीन बंद पडलं तरी गिऱ्हाइकांचं इंटरनेट चालूच राहतं. मशीन फक्त राउटरला सूचना देतं, त्यांचा ट्रॅफिक त्यातून जात नाही. आणि तो कधी जाऊ देऊही नका.

४. बसवण्याचा क्रम

पहिली पायरी : मशीनवर उबुंटू किंवा डेबियन टाका आणि आयपी पत्ता कायमचा ठरवा.

दुसरी पायरी : के-थ्री-एस एका कमांडमध्ये बसतं. त्यात डिस्कवर जागा देणारी सोय तयारच असते. एका मशीनवर तो स्वतःची नोंद एसक्यूलाइटमध्ये ठेवतो. तीन मशीनचा क्लस्टर आत्ता नको. चाळीस गिऱ्हाइकांसाठी तो फुकटचा खर्च.

तिसरी पायरी : एडब्ल्यूएक्ससाठी वेगळी नेमस्पेस करा आणि त्यात ऑपरेटर बसवा. ऑपरेटर म्हणजे एडब्ल्यूएक्सची काळजी घेणारा कारभारी. त्याची आवृत्ती आकड्यात लिहा. 'लेटेस्ट' लिहिलंत, तर एखाद्या रात्री तुमच्या नकळत आवृत्ती बदलू शकते.

चौथी पायरी : एक छोटी यामल फाइल. त्यात नाव, बाहेरून उघडायचा पोर्ट (३०००० ते ३२७६७ मधला) आणि डेटाबेसला किती जागा, एवढंच. ही फाइल लावली की कारभारी पोस्टग्रेस डेटाबेस, वेब आणि टास्क असे पॉड उभे करतो.

पाचवी पायरी : थांबा. इमेज डाउनलोड व्हायला वेळ लागतो. सगळे पॉड 'रनिंग' दिसले की अॅडमिनचा पासवर्ड क्लस्टरच्या सिक्रेटमधून काढा. तो बेस-६४ मध्ये असतो, आधी उलगडावा लागतो.

अडलं तर पॉडची स्थिती वाचा. 'पेंडिंग' असेल तर रॅम किंवा डिस्कची जागा कमी पडतेय. 'इमेजपुलबॅकऑफ' असेल तर इंटरनेट किंवा इमेजचं नाव तपासा. 'क्रॅशलूपबॅकऑफ' असेल तर पॉड उठतोय आणि पडतोय, त्याचा लॉग वाचा. सगळं पुसून पुन्हा बसवण्याची घाई करू नका. जागेचा दावा, म्हणजे पीव्हीसी, पुसला की के-थ्री-एस साधारणपणे त्यातला डेटाही पुसतो.

५. गिऱ्हाइकाच्या राउटरपर्यंत पोहोचायचं कसं?

बहुतेक दुकानांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो, म्हणून बाहेरून थेट राउटरपर्यंत जाता येत नाही. उपाय उलटा आहे. राउटरनेच तुमच्याकडे बोगदा खणायचा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये वायरगार्ड आहे. ते राउटरवर लावा आणि जिवंत ठेवण्याचा संकेत दर २५ सेकंदांनी पाठवायला सांगा. तुमच्या बाजूच्या टोकाला मात्र सार्वजनिक पत्ता हवा. ऑफिसच्या कनेक्शनवर स्थिर आयपी घ्या किंवा छोटा क्लाउड सर्व्हर ठेवा.

प्रत्येक दुकानाचं आतलं नेटवर्क १९२.१६८.१.० असंच असणार, त्यामुळे त्या पत्त्यांवर काम करू नका. बोगद्याच्या आत प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा पत्ता द्या आणि एडब्ल्यूएक्सच्या यादीत तोच लिहा.

६. खरी जोखीम : एक बटण, चाळीस दुकानं

आता नीट लक्ष द्या. हाताने चूक झाली तर एक दुकान बंद पडतं. ऑटोमेशनने झाली तर चाळीस. शनिवारी संध्याकाळी, दुकानं भरलेली असताना, फायरवॉलचा एक नियम चुकीचा गेला की बोगदेही तुटतात, आणि मग प्रत्येक दुकानात स्वतः जाण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून हे पाच नियम भिंतीवर लावा.

पहिला : आधी बॅकअप, मग बदल. मायक्रोटिकमध्ये एक्स्पोर्ट घेतलात तर मजकूर फाइल मिळते. राउटरओएस ७ त्यात गुप्त गोष्टी आपोआप लपवतो, म्हणजे त्या फाइलीवरून पासवर्ड परत मिळणार नाहीत. ते वेगळे जपा.

दुसरा : तुकड्या पाडा. प्लेबुकमध्ये 'सीरियल' लिहून आधी १, मग ५, मग १० राउटर असं सांगता येतं. सोबत 'मॅक्स फेल पर्सेंटेज' शून्य ठेवा. नाहीतर तुकडीतले सगळे राउटर फसेपर्यंत अन्सिबल पुढच्या तुकडीकडे जात राहतं. पहिला राउटर तुमच्या स्वतःच्या ऑफिसचा ठेवा.

तिसरा : परतीची वाट ठेवा. जुनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. १० मिनिटांत तुम्ही होकार दिला नाही तर बदल आपोआप मागे फिरतो. मायक्रोटिकच्या टर्मिनलमध्ये सेफ मोड आहे, जोडणी तुटली की बदल रद्द होतात. फायरवॉल आणि बोगद्याचे बदल आधी एका राउटरवर सेफ मोडमध्ये हाताने करून बघा, मगच प्लेबुकमध्ये घाला.

चौथा : मंजुरी. एडब्ल्यूएक्सच्या वर्कफ्लोमध्ये मंजुरीचा टप्पा घालता येतो. मुलाने काम तयार करायचं, तुम्ही बघून हो म्हणायचं.

पाचवा : वेळ. शेड्यूल लावताना टाइम झोन एशिया-कोलकाता निवडा. रात्रीचे ११ म्हणून २३:०० टाकलंत आणि झोन यूटीसी राहिला, तर काम आपल्याकडे पहाटे साडेचारला चालेल. लॉजला चालेल, पण मार्केट यार्डातल्या गाळ्याची ती धंद्याची वेळ. गिऱ्हाइकाच्या धंद्याप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गटाची वेळ वेगळी ठेवा.

७. सांभाळणं : रोजचं आणि महिन्याचं

बॅकअप : ऑपरेटरला सांगून एडब्ल्यूएक्सचा बॅकअप घेता येतो, पण तो त्याच क्लस्टरच्या डिस्कवर पडतो. डिस्क गेली की बॅकअपही गेला. दर आठवड्याला त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यात सीक्रेट-की आहे याची खात्री करा. तिजोरीतले सगळे पासवर्ड तिनेच कुलूपबंद असतात. डेटाबेस वाचला आणि ती हरवली, तर पासवर्ड उघडणार नाहीत. आणि ही प्रत म्हणजे चाळीस दुकानांच्या किल्ल्या, तेव्हा ती एन्क्रिप्ट करूनच ठेवा.

सराव : तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप उभा करून बघा. उभा राहिला तरच त्याला बॅकअप म्हणा.

नोंदी : एडब्ल्यूएक्समध्ये जुन्या कामांच्या नोंदी पुसण्याचं वेळापत्रक मुळातच लावलेलं असतं, १२० दिवसांचं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या असतात. तुमच्या कामाच्या नोंदी त्यात येतात की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो आकडा २०० करून टाका. गिऱ्हाइकाशी 'तुम्हीच बिघडवलं' असा वाद झाला, तरी हीच नोंद कामी येते.

अपग्रेड : आधी बॅकअप, मग रिलीजची माहिती वाचा, मग ऑपरेटरचा आकडा बदला. सणाच्या आठवड्यात हात लावू नका.

८. धंद्याची बाजू

गिऱ्हाईक कुबरनेटीससाठी पैसे देत नाही. 'बिलिंग बंद पडणार नाही आणि पडलं तर कुणीतरी उचलेल' यासाठी देतं. म्हणून दर ठरवताना दोन भाग करा : स्थिर खर्च (मशीन, यूपीएस, इंटरनेट, सर्व्हर) भागिले गिऱ्हाइकांची संख्या, अधिक त्या गिऱ्हाइकाला महिन्याला लागणारा तुमचा वेळ. ऑटोमेशनने दुसरा भाग कमी होतो. वाचलेला सगळा वेळ स्वस्त दरात वाटून टाकू नका, त्यातला काही नव्या गिऱ्हाइकासाठी ठेवा.

करारात तीन ओळी हव्यातच. राउटरचा मुख्य पासवर्ड गिऱ्हाइकाचा आहे आणि तो बंद पाकिटात त्याच्याकडे राहील. बदल कोणत्या वेळेत होतील. करार संपला की तुमचा प्रवेश किती दिवसांत काढला जाईल. पासवर्ड अडवून गिऱ्हाईक टिकवणारे बाजारात भेटतात. त्या वाटेने जाऊ नका. चाळीस दुकानदारांनी किल्ल्या दिल्यात, त्या भरवशावरच एक्केचाळिसावा येतो.

आणि तुम्ही आजारी पडलात तर? एक माणूस असा ठेवा ज्याला मशीन कुठे आहे, बॅकअप कुठे आहे आणि कुठल्या गिऱ्हाइकाला आधी उचलायचं हे माहीत आहे. हे सगळं एका कागदावर मावलं पाहिजे.

गृहपाठ

या आठवड्यात क्लस्टरला हात लावू नका. वहीत तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, राउटरचं मॉडेल, आवृत्ती, धंद्याची गर्दीची वेळ आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला ते लिहा. शेवटचा रकाना किती ठिकाणी रिकामा राहतो ते मोजा. तिथे आधी हाताने बॅकअप घ्या. ही यादी पूर्ण झाली की तीच एडब्ल्यूएक्सची इन्व्हेंटरी. पुढच्या भागात तीच यादी घेऊन पहिलं प्लेबुक लिहू : चाळीस राउटरचा रात्रीचा बॅकअप, आपोआप.

कामाला लागा, भेटू पुढच्या भागात!