इंटरनेटवरील दूरध्वनी : एका पेढीचा हिशेब

माझ्याच सांगण्यावरून काकांनी बेळगावातील कापडाच्या पेढीत इंटरनेटवरील दूरध्वनी बसविला. तांब्याच्या तारेच्या साध्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळते. हा मात्र पेढीतल्या राउटरवर चालतो. पहिल्याच पावसात वीज गेली, फोन मुके झाले आणि एक जुने गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. काका म्हणाले, "अरे, बचत मोजलीस, खोळंबा नाही मोजलास!"

तेव्हा हिशेब नीट मांडू. येथे आवाज लहान लहान पॅकेटांतून जातो. जी.७११ पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. प्रत्येक पॅकेटावरील पत्त्याचे ओझे धरून सुमारे ९०. एकाच वेळी ५ संभाषणे चालली, तर जाताना ४५० व येताना ४५० किलोबिट हवेत. शिवाय आवाज पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून फार उशीर झाला, की बोलणाऱ्यांची गल्लत होऊ लागते. म्हणून राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यावा. राउटर व फोन यूपीएसवर ठेवावेत. जोडणी तुटताच कॉल मोबाईलवर वळतील, अशी सोय करून घ्यावी.

हे सारे आम्ही नंतर केले. आता पेढीचा फोन "मराठीसाठी एक, कन्नडसाठी दोन" असे सांगतो. ते जुने गिऱ्हाईक मात्र अद्याप परतलेले नाही. तो तोटा माझ्या खात्यावर.