आधी ग्रुप, मग नेम!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाला माफी असावी. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं. ते बघून मी एन.सी.सी.त नाव घातलं. वाटलं, डोळा चांगला असला की झालं!

कॅम्पच्या सिलेक्शनला २५ मीटरवर पॉइंट टू टू रायफल, पोटावर झोपून ५ गोळ्या. माझी पहिली गोळी खाली डावीकडे लागली. म्हणून दुसरीला मी वर उजवीकडे नेम धरला. ती भलतीकडेच! तिसरीला परत बदल. शेवटी टार्गेटवर पाच गोळ्या पाच दिशांना. शेजारच्या मुलीच्या पाचही गोळ्या खाली डावीकडेच होत्या, पण कटिंगच्या ग्लासाखाली झाकल्या असत्या. तिची निवड झाली, माझी नाही. मी रडकुंडीला आले. उस्ताद म्हणाले, "पोरी, ग्रुप आला की साइट फिरवता येते. ग्रुपच नाही, तर फिरवायचं काय?"

हॉस्टेलवर येऊन विचार केला, तेव्हा समजलं की हे तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे.

दोन प्रकारच्या चुका

एक चूक कायमची असते, म्हणजे साइट चुकीची लागलेली. दुसरी दर गोळीला बदलते, म्हणजे श्वास, खांदा, ट्रिगरला बसलेला झटका. एका गोळीवरून या दोन वेगळ्या करताच येत नाहीत. ५ गोळ्या एकाच नेमाने मारल्या, तर त्यांच्या मध्यबिंदूतली अनिश्चितता एका गोळीच्या मानाने √५ पटीने, म्हणजे साधारण २.२ पटीने कमी होते. मग त्या मध्यबिंदूवरून साइट लावायची. मी दर गोळीला नेम बदलून विस्कळीतपणा उलट वाढवला!

गोळी सरळ जात नाही

पॉइंट टू टूचा वेग धरा सेकंदाला ३२० मीटर. २५ मीटर जायला ०.०८ सेकंद लागतात. ½gt² केलं की गोळी सुमारे ३ सेंटिमीटर खाली येते. ५० मीटरला वेळ दुप्पट, म्हणजे घसरण चौपट: १२ सेंटिमीटर. म्हणून अंतर बदललं की साइट बदलावी लागते.

१००० यार्डांवर तर फारच मजा! मोठ्या रायफलची गोळी तिथे पोचायला साधारण दीड सेकंद घेते आणि घसरण १० मीटरच्या आसपास जाते. वेगात १ टक्का फरक पडला, तर गोळी २० सेंटिमीटर वर-खाली! म्हणून इंग्लंडात बिझ्लीला किंवा अमेरिकेत कॅम्प पेरीला जाणारे बरेच नेमबाज रिकामी पुंगळी पुन्हा वापरून, दारू मोजून स्वतःच्या गोळ्या भरतात. वेग जास्त मिळावा यापेक्षा तो सारखा राहावा, हा त्यांचा मुख्य हेतू. (आपल्याकडे लायसन्सशिवाय गोळ्या बनवणं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, त्यामुळे रूमवर प्रयोग नकोत!)

सुरुवात कशी करायची?

एन.सी.सी. किंवा क्लबच्या रेंजवर, उस्तादांसमोरच. रायफल भरलेलीच आहे असं समजायचं आणि बोट ट्रिगरवर शेवटी न्यायचं. अर्धा श्वास सोडून थांबायचं, नजर पुढच्या साइटवर. ट्रिगर हळू दाबायचा, झटका नाही. आणि पाच गोळ्या होईपर्यंत नेम बदलायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

या वर्षी परत सिलेक्शन आहे. माझा ग्रुप अजून आमटीच्या वाटीएवढा आहे, पण ग्रुप आहे! आणि हो, एम-थ्रीच्या एका टेस्टमध्ये मार्क गेले की लगेच पुस्तक, क्लास आणि टाइमटेबल बदलायची माझी सवयसुद्धा सुटत चालली आहे.