वाट सांगणारे यंत्र : मोटारीतील दिशादर्शक व ध्वनिचित्र संचाची घडण

मोटारीत बसल्यावर समोरच्या पडद्यावर रस्ता दिसावा, वळण येण्यापूर्वी आवाजाने सूचना मिळावी आणि त्याच पडद्यावरून गाणे किंवा व्याख्यान ऐकता यावे, ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. असा संच बाजारात तयार मिळतो. तथापि तो सुट्या भागांतून स्वतः जुळविताही येतो, आणि जुळविताना भौतिकशास्त्र, गणित, भूगोल व इतिहास हे चारही विषय हाताखालून जातात. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज वाहन चालवितात, वायरिंगची कामे करतात, संगणक हाताळतात. पालकांपैकीही पुष्कळांचा गाडीशी रोजचा संबंध आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला आहे. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे आरंभ इतिहासापासून करणे मला सोयीचे वाटते.

१. उपग्रहांपूर्वीची वाट

वाट सांगणारे यंत्र उपग्रहांच्या आधीचे आहे. अमेरिकेत १९०९ साली ‘जोन्स लाइव्ह मॅप’ नावाचे साधन निघाले. त्यात मार्गाच्या सूचना छापलेली गोल चकती असे. ती तारेने गाडीच्या चाकाशी जोडलेली असे. गाडी जसजशी पुढे जाई तसतशी चकती फिरे आणि त्या त्या अंतरावरील सूचना काट्याखाली येई. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ हा संच आणला. गाडी किती वळली हे हेलियम वायूच्या झोतावर चालणारे जायरो सांगे, किती अंतर गेली हे चाके सांगत, आणि पारदर्शक फिल्मवरील नकाशामागे गाडीचे स्थान उमटे. प्रवासाची सुरुवात कोठून, हे मात्र चालकानेच हाताने जुळवून द्यावे लागे.

१९८५ मध्ये अमेरिकेत ‘इटॅक नॅव्हिगेटर’ आला. त्याचे नकाशे साध्या कॅसेटवर साठविलेले होते. चाकांवरील संवेदक व होकायंत्र यांवरून काढलेले स्थान तो नकाशातील रस्त्याशी ताडून पाही आणि साचलेली चूक प्रत्येक वळणावर दुरुस्त करी. या यंत्राचे नाव विचार करण्यासारखे आहे. ‘इटॅक’ ही पॅसिफिक महासागरातील बेटवासी नाविकांची संज्ञा होय. होडी स्थिर आहे आणि बेटे तिच्या बाजूने मागे सरकत आहेत, अशी कल्पना करून ते नाविक अथांग समुद्रात आपले स्थान मनात धरून ठेवीत. इटॅकच्या पडद्यावरही गाडीचे चिन्ह एका जागी स्थिर राही आणि नकाशा तिच्याभोवती सरके व फिरे. आजच्या मोबाइलवरही आपण हेच पाहतो. ज्यांच्याजवळ छापील पुस्तके नव्हती अशा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान अशा रीतीने आधुनिक यंत्राच्या नावात व रचनेत येऊन बसले आहे.

उपग्रहांचा इतिहास त्यानंतर गाड्यांपर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेले व पाडले गेले. त्यानंतर ही व्यवस्था नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९० मध्ये जपानच्या माझदा कंपनीच्या ‘युनोस कॉस्मो’ मोटारीत जीपीएसवर चालणारा संच बसवून मिळू लागला आणि १९९५ मध्ये ही व्यवस्था पूर्णपणे कार्यान्वित झाली. परंतु नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली, तेव्हा कोठे सामान्य गाडीचालकाला नेमका रस्ता कळू लागला. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची व्यवस्था उभारली. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली वाट किती भरवशाची, हा प्रश्न त्यामागे होता.

२. वीज आणि जागा

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. संचाच्या मध्यभागी एक लहान संगणक लागतो. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक यासाठी पुष्कळ जण वापरतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीला ५ व्होल्ट व ३ अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त १५ वॉट वीज पुरते.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जाते, परंतु इंजिन चालू असताना हा आकडा १४ व्होल्टच्या आसपास जातो आणि स्टार्टर फिरताना काही क्षण १० व्होल्टच्याही खाली येऊ शकतो. म्हणून चढउतार सोसणारा, गाडीसाठीच बनविलेला कन्व्हर्टर वापरावा आणि वीज जेथून घेतली तेथेच जवळ फ्यूज घालावा. दुसरी बाब चावीची. चावी बंद करताच वीज तुटली तर संगणकाचे मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका असतो. वीज कायम सुरू ठेवावी तर १५ वॉटच्या हिशेबाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २८ तासांत रिकामी होईल, आणि गाडी सुरू होणे त्याच्या बरेच आधी थांबेल. यावर उपाय असा : एक तार कायम विजेची, दुसरी चावीबरोबर चालू-बंद होणारी. दुसऱ्या तारेतील वीज गेली की संगणकाने आपले काम आवरावे, आणि अर्ध्या-एक मिनिटाने टायमरने पहिली तारही तोडावी.

पडद्याची जागा गाडीतील रेडिओच्या खाचेत असते. तिचे प्रमाणित माप १८० × ५० मिलिमीटर असून दुप्पट उंचीची खाच १८० × १०० मिलिमीटरची असते. सात इंची पडदा तेथे बसेल असे वाटते, पण कडांसह तो मोठा भरू शकतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी मापपट्टी लावावी. एअरबॅगच्या मार्गात काहीही बसवू नये आणि ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅग यांच्या तारांना हात लावू नये.

३. ‘मी कोठे आहे?’

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपले स्थान व अचूक वेळ सतत सांगत असतो. संकेत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी असल्याने किमान चार उपग्रह दिसावे लागतात. प्रकाशाचा वेग लक्षात घेता सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

काही शे रुपयांत मिळणारा संकेतग्राहक ही सगळी आकडेमोड स्वतः करतो आणि साधारण दर सेकंदाला संगणकाला एक ओळ पाठवितो. ही ओळ वाचताना शिकाऊ माणूस हमखास अडखळतो. समजा, अक्षांश २१०८.७३० असा आला. याचा अर्थ २१ अंश आणि ८.७३० मिनिटे. मिनिटांना ६० ने भागले की ०.१४५५ येतात; म्हणून अक्षांश २१.१४५५ अंश. हे नागपूर शहर आहे. कोणी घाईने दशांश चिन्ह सरकवून २१.०८७३ असे वाचले, तर गाडी साडेसहा किलोमीटर दक्षिणेला दिसेल. वेगही नॉट या सागरी एककात येतो, त्याला १.८५२ ने गुणल्यावर ताशी किलोमीटर मिळतात. आणि वेळ ग्रीनिचची असते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. सहावीच्या वर्गात अंश व मिनिटे ‘परीक्षेपुरती’ शिकणाऱ्या मुलांना हे उदाहरण अवश्य दाखवावे.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील भाताणच्या बोगद्यात ताशी ८० किलोमीटर वेगाने शिरलेली गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते आणि पडद्यावरचे चिन्ह दाराशीच उभे राहते. तेथे १९८१ ची जुनी युक्ती कामास येते : चाकांचा वेग आणि लहानसे जायरो. आज ते जायरो नखाएवढ्या चिपमध्ये मिळते आणि वेगाचा आकडा गाडीच्या तपासणी-सॉकेटमधून वाचता येतो.

४. ‘कोणत्या वाटेने जावे?’

यंत्राच्या दृष्टीने नकाशा म्हणजे चौकांचे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा. सर्वांत जवळची वाट शोधण्याची प्रसिद्ध रीत डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय सुमारे २० मिनिटांत योजली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. रीत सोपी आहे : निघण्याच्या बिंदूपासून सर्वांत कमी अंतरावर असलेला बिंदू प्रथम निश्चित करावा, त्याच्या शेजाऱ्यांची अंतरे सुधारावीत, आणि मुक्काम येईपर्यंत हेच पुन्हा करावे. वर्गातील मुलांना तालुक्यातील दहा गावे व त्यांमधील अंतरे देऊन फळ्यावरही हे करून घेता येते.

नकाशासाठी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ उपलब्ध आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरातील स्वयंसेवक भरतात आणि तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. ‘नॅव्हिट’सारखी मुक्त प्रणाली तो नकाशा संगणकात ठेवून इंटरनेटशिवाय मार्ग दाखविते. मेळघाटात किंवा भामरागडच्या वाटेवर मोबाइलचे जाळे तुटते, तेव्हा या गुणाची किंमत कळते.

५. ‘चालकाला कसे सांगावे?’

गाणे चालू असताना वळणाची सूचना आली, तर गाण्याचा आवाज आपोआप खाली यावा आणि सूचना संपताच पूर्ववत व्हावा, अशी व्यवस्था करावी. इंजिनाच्या गतीबरोबर चढउतार करणारी घूं-घूं स्पीकरमधून येत असल्यास सर्व भागांची अर्थिंग एकाच ठिकाणी जोडावी. ‘ईस्पीक’ ही मुक्त वाचाप्रणाली मराठी बोलते. तिचा सूर कोरडा आहे, तरी ‘डावीकडे वळा’ हे आपल्या भाषेत ऐकलेले वडीलधाऱ्या चालकाला चटकन उमगते.

पडदा हा सोयीचा तसाच धोक्याचाही भाग आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. केंद्रीय नियमांनीही २०२० पासून वाहन चालविताना हातातील संपर्कसाधनाचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने मान्य केला आहे. म्हणून मुक्कामाचे नाव गाडी उभी असतानाच भरावे, आणि गाडी सरकू लागताच चित्रफीत बंद पडावी, ही सोय संच बांधणाऱ्याने स्वतःहून करावी.

६. नकाशात नसलेली वस्ती

वीज ठीक, संकेत ठीक, हिशेब ठीक, आणि तरीही यंत्र मुक्कामी पोहोचवीत नाही, असे होते. कारण यंत्राला जमीन दिसत नाही. त्याला नकाशा दिसतो. नकाशात जी रेषा कोणी काढली नाही, तो रस्ता त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. शहरांतील हॉटेले आणि दुकाने त्यात दाटीने असतात. गावाबाहेरची वस्ती, तांडा, पाडा, धरणामुळे नव्या जागी वसलेले गाव हे पुष्कळदा कोरी जागा म्हणून दिसतात. रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावर येऊन थांबते आणि पुढे कोठे वळायचे हे चालकाला कळत नाही, तेव्हा त्या कोऱ्या जागेचा अर्थ घरातल्यांना समजतो.

नावांचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे पाटीवर आली. परंतु पाटीवरचे नाव यंत्रात शोधून सापडत नसेल, तर तो निर्णय वाटेतच अडकला असे म्हणावे लागेल.

हे काम करण्यास मोठे भांडवल लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून आपल्या वस्तीचा रस्ता काढता येतो. तो डांबरी की कच्चा, चारचाकी जाते की नाही, ओढ्यावरचा पूल कोठे आहे, दवाखाना व शाळा कोठे, हे नोंदविता येते. मराठी नावासाठी वेगळा रकानाही आहे. पथ्ये दोन. इतर कंपन्यांच्या नकाशावरून नक्कल करू नये, कारण ते त्यांच्या मालकीचे असतात. आणि स्वतः चालून पाहिल्याशिवाय अंदाजाने काही भरू नये. इतिहासाच्या अभ्यासकाला हा नियम परिचित आहे : पुरावा आधी, विधान नंतर.

७. समारोप

तयार संच विकत घेण्यात गैर काही नाही. पण जो तो एकदा स्वतः जुळवितो, त्याला कळते की पडद्यावरच्या प्रत्येक रेषेमागे कोणाचे तरी ज्ञान व श्रम आहेत : बेटावरचा नाविक, कॅफेतला गणिती, उपग्रह घडविणारे अभियंते, आणि गल्लीबोळ पायी फिरून नोंद करणारा अनोळखी स्वयंसेवक. या मालिकेतील शेवटची जागा अजून रिकामी आहे. आपल्या गावाबाहेरची पायवाट दुसरे कोणी येऊन नकाशात काढील, याची वाट पाहण्याचे कारण नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी वायरिंग जाणणाऱ्यांनी व संगणक जाणणाऱ्यांनी मिळून सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांकडून असा एक संच बांधून घ्यावा, आणि प्रत्येक मुलाने सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या वस्तीचा रस्ता नोंदवून आणावा, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने मांडतो. मुले राज्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून येतात. एका सुट्टीत तेवढ्याच वस्त्या नकाशावर येतील, आणि त्या दिवसापासून रुग्णवाहिकेलाही त्या दिसतील.