साजशृंगार आणि त्वचेचा रंग



सूरह अल्-आराफच्या 31 व्या आयतीत अल्लाहने आदमच्या संततीला उपासनेच्या वेळी आपली शोभा धारण करण्याचा आदेश दिला आहे. त्याच आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आहे आणि उधळपट्टीस मनाई आहे. वस्त्र आणि अन्न या रोजच्या गोष्टी येथे उपासनेच्या शेजारी येऊन बसल्या आहेत. धार्मिक मनुष्याने मळकट व उदास दिसावे, या समजुतीला कुरआनात थारा नाही.

सहीह मुस्लिममधील एक हदीस प्रसिद्ध आहे. अहंकारासंबंधीचे कठोर उद्गार ऐकून एका व्यक्तीने विचारले की, मनुष्याला आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सौंदर्य अल्लाहला प्रिय असल्याचे सांगितले आणि अहंकार म्हणजे सत्य धुडकावणे व लोकांना तुच्छ लेखणे, असा खुलासा केला. सुरमा, अत्तर, मेंदी, नवा जोडा यांविषयी म्हणूनच संकोच नको. नेलपॉलिशविषयी भगिनी नेहमी विचारतात. मेंदी नखावर केवळ रंग ठेवते, नेलपॉलिश थर ठेवते. थराखाली पाणी पोहोचत नाही आणि म्हणून वुजू होत नाही. तो काढून वुजू करावा, इतकेच.

या हदीसचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने वाचतो. लोकांना तुच्छ लेखणे हा अहंकार असेल, तर मुलीचे स्थळ पाहायला जाऊन तिच्या रंगावरून नकार कळवणे हे काय आहे? आपल्या रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या उन्हात राबणारी माणसे आहेत. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे राहून पाहावे, रोजीचा रंग कोणता असतो ते कळते. त्याच घरांत सून मात्र गोरीच हवी असते.

सूरह अर्-रूमच्या 22 व्या आयतीत भाषांची आणि रंगांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांमध्ये एकत्र सांगितली आहे. आपली बोली आपण अभिमानाने जपतो. तिच्या शेजारी उल्लेखिलेल्या रंगाची मात्र लाज बाळगतो. मराठी भाषेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मला नेहमी खटकते. ‘सावळा’ हा या भाषेतील मायेचा शब्द; लग्नाच्या बोलणीत तो उच्चारायचे धाडस कोणी करत नाही, तेथे मुलगी ‘गव्हाळ’ किंवा ‘निमगोरी’ होते. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली बाजारात आली आणि 2020 साली तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. बोलणीतून तो अद्याप गेलेला नाही.

हजरत जुलैबीब (रजि.) रूपाने देखणे नव्हते, असे कथनांत येते. मुस्नद अहमदमधील कथनानुसार प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी एका अन्सारी मुलीला मागणी घातली, तेव्हा आईने साफ नकार दिला. मुलीनेच आईवडिलांना विचारले की, प्रेषितांचा शब्द तुम्ही परतवणार काय? आणि ती विवाहास तयार झाली. पुढे एका लढाईनंतर साथीदार इतर शहीदांची नावे सांगत असताना जुलैबीब दिसत नसल्याचे प्रेषितांनीच लक्षात आणून दिले, त्यांचा शोध घ्यायला लावला आणि त्यांचे पार्थिव स्वतःच्या बाहूंवर उचलले. हा शेवटचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे.

ज्या मुलीला घरातच रोज रंग ऐकवला जातो, तिचे मन खचते. मग ती मिळेल ते मलम चेहऱ्याला लावते. येथे प्रश्न केवळ मनाचा राहत नाही. रंग उजळवणाऱ्या काही मलमांत पारा असतो. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. परंतु तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त 2023 साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या वापरत असलेल्या मलमात पारा आढळला होता.

आपल्या घरांत आखातातून येणाऱ्या सामानात अत्तर आणि खजुरांबरोबर अशा डब्याही येतात. स्वतःला इजा करू नये व दुसऱ्यालाही करू नये, हे तत्त्व इब्न माजामधील हदीसवर आधारलेले आहे आणि फिकहचे कितीतरी निर्णय त्यावर उभे आहेत. जे मलम शरीराला अपाय करते ते लावणे वैध नाही, जाणूनबुजून विकणेही नाही. सौंदर्याच्या अनुमतीचा आधार त्याला मिळत नाही. डबीवर घटकांची यादी वा उत्पादकाचा पत्ता नसेल, किंवा ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ असे शब्द असतील, तर ती वापरू नये. घरात कोणी असे मलम काही महिने लावत असेल आणि तोंडावर किंवा पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर डबी फेकून न देता ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे.